पायदळाची जंगल-गस्त : एका दिनक्रमामागचा इतिहास

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर आज दाट वस्तीचे व्यापारी शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र कल्याण स्थानकापासून थोड्या अंतरावरच्या या माळरानावर लष्कराची मोठी तात्पुरती छावणी होती आणि मुंबई बंदरातून ये-जा करणाऱ्या फौजांचा मुक्काम तेथे पडत असे. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, १९४९ मध्ये वसाहतीला आजचे नाव मिळाले आणि छावणीची खूण कॅम्प एक ते कॅम्प पाच अशा पत्त्यांत तेवढी उरली. ब्रह्मदेशातील जंगलयुद्ध आपल्या जिल्ह्यापासून वाटते तितके दूर नव्हते, हे सांगायला एवढा पुरावा पुरेसा आहे. त्याहून जवळचा धागा घराघरांत आहे. ठाण्याच्या जुन्या चाळींत रत्नागिरी, खेड, महाड, माणगावकडची आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत सातारा-सांगलीकडची जी कुटुंबे स्थिरावली, त्यांतील अनेकांच्या मागच्या पिढ्यांत कोणी ना कोणी पलटणीत होते. ‘आजोबा बर्माला होते’ एवढे एक वाक्य त्या घरांत ऐकायला मिळते आणि बहुधा गोष्ट तेथेच थांबते.

ती तेथे थांबते याचे एक कारण असे की, युद्धाचा इतिहास आपण लढायांच्या नावांनी सांगतो. कोहिमा, इंफाळ, आराकान ही नावे माहीत असतात. परंतु पायदळाच्या शिपायाचे बहुतेक दिवस लढाईत जात नव्हते. ते गस्तीत जात होते. आठ-दहा जणांची किंवा फार तर तीसेक जणांची तुकडी मुख्य ठाण्यापासून निघे, दोन-चार दिवस दाट झाडीतून फिरे, शत्रूच्या वाटा, पाणवठे आणि मोर्चे यांचा माग काढी आणि परत येई. गोळी न झाडता परत आलेली गस्त पुष्कळदा सर्वांत उपयुक्त ठरत असे. या गस्तीचा दिवस कसा उगवे, माणसे काय खात, पाणी कोठून घेत, रात्री कशी झोपत, याचे बारीक नियम ठरलेले होते. आजही भारतीय सैन्यात त्यांतील बरेचसे चालू आहेत. शिस्तीच्या हौसेतून त्यांतला एकही नियम आलेला नाही. जवळजवळ प्रत्येक नियमामागे १९४२ आणि १९४३ या दोन वर्षांतील एखादा पराभव किंवा एखादी साथ उभी आहे आणि ती पार्श्वभूमी समजल्याशिवाय तो दिनक्रम निरर्थक कवायतीसारखा वाटतो.

युद्धापूर्वीच्या हिंदी सैन्याला जंगलाचा सराव नव्हता. त्याची घडण वायव्य सरहद्दीच्या उघड्या डोंगरांत झाली होती आणि १९४० नंतर त्याची तयारी झाली ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटासाठी. मोटारगाड्या, रसदीच्या लांब रांगा आणि रस्त्याला धरून हालचाल ही त्याची सवय होती. जपानी सैन्याने मलायात आणि पाठोपाठ ब्रह्मदेशात नेमकी हीच सवय हेरली. समोरून थोडे झुंजत ठेवायचे, हलकी तुकडी झाडीतून बाजूने पुढे काढायची आणि मागच्या रस्त्यावर अडथळा उभा करायचा, ही त्यांची रीत होती. रस्त्यावर अवलंबून असलेल्या फौजेला मागचा रस्ता तुटताच माघारीवाचून गत्यंतर नसे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून गेले आणि मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला असताना, सुमारे चौदाशे किलोमीटरची माघार घेत थकलेली, तापाने फणफणलेली फौज मणिपूरमध्ये पोहोचली. तिच्याबरोबर आणि तिच्या मागून लाखो हिंदी नागरिकही डोंगर ओलांडत होते. त्या वाटांवर किती हजार माणसे मेली याची नीट गणती कधी झालीच नाही.

सह्याद्रीच्या जंगलात गनिमी काव्याने लढलेल्यांच्या वंशजांना झाडीची भीती कसली, असे अभिमानाने म्हटले जाते. मला हे म्हणणे अपुरे वाटते. शिवकाळातील मावळ्याला आपली घाटवाट, आपले पाणी आणि आपली माणसे ठाऊक होती. १९४२ च्या मराठा शिपायाला चिंदविन नदीच्या काठची एकही वाट ठाऊक नव्हती. ज्या जमिनीची ओळख नाही तेथे शौर्याला आधी शिक्षणाची जोड लागते आणि ते शिक्षण देण्याची व्यवस्थाच तोवर नव्हती. डिसेंबर १९४२ ते मे १९४३ या काळात ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीवरील आराकानमधील पहिली चढाई फसली, तेव्हा ही उणीव लपण्यासारखी राहिली नाही. जून १९४३ मध्ये पायदळाच्या दुरवस्थेचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि त्यातून १४ व्या आणि ३९ व्या डिव्हिजनला लढाईतून काढून फक्त प्रशिक्षणाच्या कामाला लावले गेले. मूळ शिक्षण संपलेल्या रंगरूटाला आघाडीवर धाडण्यापूर्वी तेथे दोन महिने जंगलात राहावे, चालावे, झोपावे आणि शिजवावे लागे. झाडी ही संकट आहे तशीच आडही आहे, हे डोक्यात बसवण्याचा तो काळ होता.

ऑक्टोबर १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या चौदाव्या सेनेचे प्रमुख जनरल विल्यम स्लिम यांनी गस्तीला जे स्थान दिले त्याचाही येथे विचार केला पाहिजे. पराभूत फौजेच्या मनात जपानी शिपाई हा जंगलाचा अजिंक्य राजा होऊन बसला होता. तो समज भाषणांनी जाणार नव्हता. म्हणून प्रथम निवडक, चांगल्या तयारीच्या लहान गस्ती पाठवल्या गेल्या; त्या यशस्वी होऊन परतल्या की त्यांच्या हकिकती पलटणीत पसरत आणि दुसऱ्यांना हुरूप येई. मग मोठ्या तुकड्या, मग त्याहून मोठ्या मोहिमा, आणि सुरुवातीच्या मोहिमांत शत्रूपेक्षा कितीतरी जास्त बळ, अशी चढत जाणारी आखणी होती. माहिती मिळवणे हे गस्तीचे एक काम होते आणि भीती मोडणे हे दुसरे. माझ्या मते दुसरे अधिक मोलाचे ठरले.

आता त्या गस्तीच्या दिवसाकडे वळू.

दिवस उजेडापूर्वी सुरू होई. पहाटेच्या झुंजुमुंजूला सर्वांनी हत्यारे घेऊन आपापल्या जागी सज्ज राहायचे, याला सैन्यात ‘स्टँड-टू’ म्हणतात. हा प्रघात जंगलयुद्धाच्या आधीपासूनचा आहे, कारण हल्ला पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात होण्याचा संभव सर्वाधिक असतो. पूर्ण उजाडले, आजूबाजूचा फेरफटका झाला आणि कोणी जवळ नाही याची खात्री पटली की निम्मी माणसे पहाऱ्यावर राहत आणि उरलेली हत्यारे पुसून तेल लावत. ब्रह्मदेशच्या दमट हवेत रायफलीवर एका रात्रीत गंज धरे. त्यामुळे आधी हत्यार, मग पाय आणि सर्वांत शेवटी पोट, असा क्रम होता.

पायांची गोष्ट जरा विस्ताराने सांगावी लागेल. आराकानच्या किनाऱ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ठाण्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो आणि तेवढ्यातही जुलैत आपले बूट वाळत नाहीत, एवढी तुलना पुरे. नाले ओलांडून ओलांडून बूट सतत भिजलेले, मोज्यांत चिखल आणि बुटांच्या छिद्रांतून आत शिरलेल्या जळवा, अशा स्थितीत तीन दिवस चालले की तळव्याची कातडी पांढरी पडून सुटू लागे. जळू ओढून काढू नये, मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावून ती आपोआप पडू द्यावी, हे शिकवले जाई. ओढल्यास जखम चिघळते आणि दमट हवेत चिघळलेली जखम महिनाभर भरत नाही. म्हणून मोज्यांचा एक कोरडा जोड गुंडाळून ठेवायचा, तो फक्त रात्री घालायचा आणि सकाळी पुन्हा ओला जोड चढवायचा. हे क्रूर वाटते, पण कोरडा जोड दिवसा वापरणाऱ्याकडे रात्रीसाठी काहीच उरत नसे. तुकडीचा नाईक किंवा हवालदार रोज प्रत्येकाचे पाय स्वतः पाहत असे. ज्याला चालता येत नाही तो माणूस तुकडीला जड होतो, आणि दहा जणांच्या तुकडीत एक जण जड झाला की गस्त तेथेच संपते.

चालण्याचा वेग विलक्षण मंद होता. बांबूच्या बेटांत आणि डोंगरउतारावर तासाला एक किलोमीटर म्हणजे चांगली चाल. सर्वांत पुढे एक-दोन स्काउट, त्यांच्या मागे तुकडीचा प्रमुख, मग ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, घेतलेला शिपाई आणि त्याचा जोडीदार, शेवटी मागे वळून वळून पाहत येणारा माणूस. दोघांतील अंतर झाडीच्या दाटीवर ठरे. पुढचा दिसला पाहिजे, पण एका गोळीबारात दोघे सापडता कामा नयेत. बोलणे बंद, सर्व काही हाताच्या खुणांनी. कोयत्याने वाट तोडणे शक्यतो टाळायचे, कारण तोडण्याचा आवाज माणसाच्या आवाजाहून दूर जातो आणि तोडलेली फांदी दोन दिवस तुमचा पत्ता सांगत राहते. नकाशांत पुष्कळ गोष्टी नसत; म्हणून एकाने होकायंत्र धरायचे आणि दुसऱ्याने पावले मोजायची. थोडे चालून थांबायचे आणि फक्त ऐकायचे. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यात मुख्य वाट सोडून पन्नास पावले आत गेलेल्या कोणालाही कळेल की, तेथे डोळ्यांपेक्षा कानांना अधिक दिसते.

जंगल आपल्या नावावर लिहून घेतलेले कोणतेही सैन्य नसते. ते असते तेथे राहणाऱ्यांचे. येऊरच्या पाड्यांतील वारली किंवा ठाकर माणसाला ज्या खुणा सहज दिसतात, त्या शहरातून गेलेल्यांना दाखवून द्याव्या लागतात. ब्रह्मदेशाच्या सीमेवरही नागा, कुकी, चिन आणि कचिन लोकांच्या मदतीशिवाय गस्ती आंधळ्या होत्या. त्यांच्या साहाय्याने माहिती गोळा करण्यासाठी १९४२ मध्येच ‘व्ही फोर्स’ नावाची संघटना उभारली गेली होती. वाटाड्या, हमाल, खबर आणणारा अशा नात्याने या लोकांनी जे केले, त्याच्या मानाने इतिहासात त्यांना फार कमी जागा मिळाली आहे. त्यांची गावे दोन्ही सैन्यांच्या मध्ये सापडून जळाली, हेही विसरता येत नाही.

खाणे हा जंगल-गस्तीतील सततचा प्रश्न होता. धूर दिसू नये म्हणून दिवसा चूल पेटवता येत नसे. पेटवलीच तर सुक्या बांबूच्या काड्यांवर, अगदी थोडा वेळ आणि संध्याकाळच्या धुक्यापूर्वी. पीठ, डाळ, तांदूळ, गूळ आणि चहा हा हिंदी शिपायाचा नेहमीचा शिधा ठाण्यावर ठीक होता, गस्तीत त्यातले बरेचसे निरुपयोगी ठरे. तेथे भाजलेले चणे, गूळ, बिस्किटे आणि डबाबंद पदार्थ यांवर दिवस काढावे लागत. भारतीय सैन्याच्या गस्तीच्या शिध्यात पुढे शक्करपारे आले. आपल्याकडे दिवाळीत होणाऱ्या शंकरपाळ्यांचाच तो भाऊ, न शिजवता खाता येणारा, न नासणारा आणि खिशात मावणारा. शिध्याचे वजन, दारूगोळ्याचे वजन आणि पाण्याचे वजन यांची मांडणी हा गस्तीच्या प्रमुखाचा खरा हिशेब होता. रायफल चार किलोची, ब्रेन गन सुमारे दहा किलोची, वर काडतुसे, हातबाँब, चादर, औषधे. पाणी जास्त घेतले तर गोळ्या कमी घ्याव्या लागत.

पाण्याच्या बाबतीत नियम सर्वांत कडक होते. नाल्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी जंतुनाशक गोळी टाकून ठरलेला वेळ थांबल्याशिवाय प्यायचे नाही. तहानलेल्या माणसाला अर्धा तास पाण्याकडे पाहत बसवणे सोपे नव्हते, परंतु हगवणीने आडवा झालेला शिपाई आणि गोळी लागलेला शिपाई यांच्यात गस्तीच्या दृष्टीने फरक नव्हता. दोघांनाही उचलूनच न्यावे लागे. मोठ्या ठाण्यांना खेचरांवरच्या पखालींनी पाणी पुरवले जाई. रसदीची ही खेचरे पलटणीच्या जिवाभावाची असत. शत्रूच्या मागे जाणाऱ्या चिंडिट तुकड्यांतील खेचरांचे मात्र ओरडण्याने ठिकाण उघड होऊ नये म्हणून स्वरतंतू कापले जात. युद्धाने मुक्या जनावरांनाही अधिक मुके केले, हे वाचताना आजही मन कासावीस होते.

तरीही या युद्धातील सर्वांत मोठा शत्रू हिवताप होता. १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी म्हणून मागे आणलेल्या प्रत्येक एका माणसामागे आजारी म्हणून आणलेली एकशे वीस माणसे होती. वर्षाला हिवतापाचे प्रमाण एकूण संख्याबळाच्या ८४ टक्के होते आणि पुढच्या तुकड्यांत त्याहूनही जास्त. कारण स्पष्ट होते. जावा बेट जपानच्या हाती गेल्याने जगाचा बहुतेक क्विनाइनपुरवठा तुटला होता आणि काबावसारखी खोरी डासांनी भरलेली होती. उपाय म्हणून मेपाक्रिन ही पिवळी गोळी रोज घेणे सक्तीचे झाले. गोळीने कातडी पिवळसर पडे आणि तिच्यामुळे पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली, त्यामुळे शिपाई ती जिभेखाली ठेवून नंतर थुंकून टाकत. मग गोळी रांगेत उभे करून, अधिकाऱ्यासमोर, गिळल्याची खात्री करून दिली जाऊ लागली. स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या लावल्या आणि ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या रक्तात औषध सापडेल तिच्या प्रमुखाला पदावरून काढण्याचा दंडक घातला. तीन प्रमुख गेले, बाकीच्यांना अर्थ समजला. दिवस मावळण्यापूर्वी बाह्या खाली, विजारीचे पाय बंद, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम, हा संध्याकाळचा नियम त्याच काळातला. संध्याकाळी आखूड विजारीत फिरणे हा चक्क अपराध ठरला. आजारी पडलेल्यांना शेकडो किलोमीटर मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीपासून काही किलोमीटरवरच उपचार केंद्रे निघाली, त्यामुळे शिपाई महिन्यांऐवजी आठवड्यांत तुकडीत परतू लागला.

या लढ्याचा लाभ पुढे गावांना झाला. युद्धाच्या अखेरीस आलेले डीडीटी हे कीटकनाशक शांततेच्या काळात हिवताप-नियंत्रणाचे मुख्य साधन झाले आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाल्यांनी भिंतीवर तारखा लिहून ठेवलेल्या घरांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना युद्धाशी असलेला हा संबंध क्वचितच माहीत असेल. ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात आजही महापालिकेचे कर्मचारी पाण्याच्या टाक्या तपासत फिरतात.

रात्रीचा मुक्काम हा गस्तीचा सर्वांत नाजूक भाग होता. ज्या वाटेने आलो तिच्यावर कधीही मुक्काम करायचा नाही. वाट सोडून बाजूला जायचे, वळसा घालून आपल्याच मागावर नजर राहील अशा जागी बसायचे, अंधार पडण्यापूर्वी गोल आखून प्रत्येकाने आपली दिशा पक्की करायची आणि पुन्हा एकदा स्टँड-टू. त्यानंतर दोन-दोन जणांच्या जोड्या. एक झोपलेला, एक जागा, आणि त्यांच्यात मनगटाला बांधलेली दोरी किंवा वेल, ओढली की उठायचे. विडी नाही, खोकला नाही, घोरणाऱ्याला लगेच जागे करायचे. जपानी तुकड्या रात्री मुद्दाम ओरडत, फटाके वाजवत, हिंदुस्थानीत हाका मारत. घाबरून कोणी गोळी झाडली की मशीनगनचे ठिकाण त्यांना कळे. १९४२-४३ मध्ये रात्रभर अंधारात गोळ्या झाडून दारूगोळा संपवणाऱ्या पलटणी होत्या. नंतर रात्री गोळी न झाडणे हेच चांगल्या पलटणीचे लक्षण मानले जाऊ लागले. हातबाँब चालेल, कारण त्याने फेकणाऱ्याची जागा उघड होत नाही.

आणि जखमी? एका जखमीला डोंगरातून नेण्यासाठी आलटून-पालटून आठ माणसे लागत. १९४३ च्या पहिल्या चिंडिट मोहिमेत सुमारे तीन हजार माणसे शत्रूच्या मागे गेली, त्यांपैकी २,१८२ परतली; चालू न शकणाऱ्या जखमींना खेड्यांत किंवा झाडाखाली सोडून यावे लागले होते. मागे सोडले जाण्याची ही भीती गोळीच्या भीतीहून मोठी होती. १९४४ मध्ये चिंडिट पुन्हा गेले तेव्हा जंगलात साफ केलेल्या पट्ट्यांवर लहान विमाने उतरवून जखमींना काढण्याची सोय झाली आणि एप्रिलच्या अखेरीस ब्रह्मदेशातच हेलिकॉप्टरने युद्धातील पहिली सुटका केली. जखमी परत आणले जातात हा विश्वास बसल्यावर गस्ती अधिक दूर जाऊ लागल्या.

मराठा पलटणींच्या इतिहासात या सगळ्याची कसोटी लागली ती सांगशाक येथे. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण मणिपूरच्या उख्रुल भागात होती. मार्च १९४४ मध्ये जपानी ३१ व्या डिव्हिजनचे एक रेजिमेंट या डोंगरांतून कोहिमाच्या दिशेने निघाले, तेव्हा ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर ही पलटण सांगशाकच्या टेकडीवर एकवटली. २२ ते २६ मार्च अशी ती लढाई चालली. टेकडीवर पाणी जवळजवळ नव्हते, खाली खडक असल्याने खंदक खोल खणता येत नव्हते, काटेरी तार नव्हती आणि विमानांनी टाकलेली बरीच रसद शत्रूच्या बाजूला पडली. २६ तारखेच्या रात्री वाचलेल्यांना लहान लहान गटांनी जंगलातून इंफाळकडे निघण्याचा हुकूम झाला. त्या रात्री त्यांच्याजवळ तोफा किंवा गाड्या नव्हत्या. अंधारात वाटेपासून दूर चालणे, आवाज न करणे, एकमेकांना न गमावणे, एवढे गस्तीचे शिक्षण होते. टेकडी गेली, पण जपानी फौजेचे जे दिवस तेथे खर्ची पडले ते इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला उपयोगी पडले. महाराष्ट्रात या लढाईची आठवण फारशी काढली जात नाही, याचे मला वाईट वाटते. १९४१ मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची एक पलटणही ब्रह्मदेशात होती, याचीही जाणीव कमीच आहे.

युद्धानंतर हा दिनक्रम इतरत्र गेला. मलायात १९४८ पासून बारा वर्षे चाललेल्या संघर्षात ब्रिटिश आणि गुरखा पलटणींनी ब्रह्मदेशातील धडे पुन्हा गिरवले. व्हिएतनाममध्ये अमेरिकी पायदळ हेलिकॉप्टरने जंगलात उतरे आणि बऱ्याचदा त्याच दिवशी परतही नेले जाई. तेथे सापळे आणि भुयारे यांनी गस्तीचे स्वरूप बदलले, तरी भिजलेले पाय आणि हिवताप तेच राहिले.

भारतात नागा टेकड्या आणि १९६६ नंतर मिझोराम येथे सैन्याला पुन्हा जंगलात उतरावे लागले. यावेळी समोर परकी फौज नव्हती, आपलेच नागरिक होते, आणि हा फरक दिनक्रमाच्या कोणत्याही नियमात बसत नव्हता. १९६७ पासून मिझोराममध्ये विखुरलेली गावे उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवली गेली; त्यातून शेती आणि घरे गमावलेल्या लोकांचे दुःख सैनिकी यशाच्या हिशेबात धरले जात नाही, ते धरले पाहिजे. याच काळात जंगलयुद्धाचे शिक्षण देणारी शाळा स्थापन झाली आणि पुढे ती मिझोराममधील वैरेंगटे येथे स्थिरावली. देशभरातील पलटणी आणि परदेशी सैन्येही तेथे शिकायला येतात.

श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेत महार आणि मराठा पलटणी होत्या. उत्तरेकडील वस्त्या, ताडाची बने आणि वन्नीचे दाट जंगल अशा तिन्ही प्रकारच्या भूभागात गस्त घालावी लागली आणि सुरुंग हा तेथील नवा धोका होता. मुंबईत जन्मलेले आणि शिकलेले, आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी रात्री एका शोधमोहिमेवरून आपल्या तुकडीसह परतत असताना दबा धरून बसलेल्या ‘तमिळ वाघ’ बंडखोरांनी त्यांच्यावर हल्ला केला. परतीची वाट ही गस्तीतील सर्वांत धोक्याची वेळ मानली जाते, कारण शरीर थकलेले असते आणि मन घरी पोहोचलेले असते. परमेश्वरन यांनी वळसा घालून शत्रूला मागून गाठले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

महाराष्ट्राच्या हद्दीत हा दिनक्रम आज पोलिसांकडे आला आहे. गडचिरोलीत १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० या दलातील बहुतेक जवान त्याच जिल्ह्यातले, गोंडी आणि माडिया जाणणारे आहेत. पेरलेल्या सुरुंगांमुळे तेथे गाडीपेक्षा पायी चालणे सुरक्षित मानले जाते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ पोलिसांची गाडी स्फोटात उडाली आणि १५ पोलीस व गाडीचा चालक मृत्युमुखी पडले, तेव्हा १९४२ चा रस्त्याला न चिकटण्याचा धडा पुन्हा एकदा फार मोठी किंमत देऊन समोर आला.

ज्या घरांत ‘आजोबा बर्माला होते’ एवढेच माहीत आहे, त्यांना पुढे जाण्याचे मार्ग अजून खुले आहेत. ब्रह्मदेशात पडलेल्या आणि ज्यांची समाधी नाही अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावे यांगूनजवळ टौकच्यान येथील रंगून स्मारकावर कोरलेली आहेत. कोहिमाच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचे वेगळे स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात आणि त्यांत पुष्कळदा शिपायाच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असतो. जे परत आले त्यांच्यासाठी घरातील जुने डिस्चार्ज बुक शोधावे. त्यावरील शिपाई क्रमांक आणि पलटणीचे नाव मिळाले की मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करता येतो. ठाण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही याबाबत चौकशी करता येईल. इंग्रजी नोंदींत गावांची आणि माणसांची नावे चमत्कारिक स्पेलिंगने लिहिलेली असतात, त्यामुळे शोधताना दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे आणि तालुक्याचे नाव त्या काळच्या जिल्ह्यासह द्यावे. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता आणि पालघर ठाण्यातच होते.